दाताच्या दवाखान्याचा वास, संत्र्याचं तेल आणि पोरांची भीती

या आठवड्याचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जिथे भरकटलो तेवढं कापलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

विषय एका व्हॉइस नोटमधून आला. पाचोऱ्याकडच्या एक ताई आहेत. मुलगा सात वर्षांचा. शाळेतल्या तपासणीत दाढेला कीड निघाली आणि आता पोरगं दवाखान्याच्या पायरीवरूनच मागे फिरतं. कुणीतरी त्यांना सांगितलं की रुमालावर संत्र्याचं तेल टाका, पोर शांत बसतं. त्यांचा प्रश्न सरळ होता: "दादा, हे खरं आहे की नुसतं फॅड?"

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. केलंय, भडगावात घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो. पण अर्ध्या ग्राहकांना एक बटण दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं, आणि फरक पडला का ते मोजायचं, हे माझं रोजचं काम. सुगंधाच्या प्रयोगांची मांडणी साधारण अशीच असते, म्हणून ते वाचून काढले.

एवढी घाई कशाला, दुधाचेच दात ना?

आपल्याकडे हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, म्हणून पहिले याचं उत्तर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीचं पथक येतं ते याच कार्यक्रमातलं, आणि त्यांच्या यादीत दातांची कीडही आहे. म्हणजे कीड आहे हे कळायची सोय गावापर्यंत आली. अडतं पुढे, पोराला खुर्चीत बसवताना.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी नवी दाढ येते ती दुधाची नसते. ती कायमची असते. तिच्यासाठी कुठला दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. दोन, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. कीड आत नसेपर्यंत गेली की पू होतो, गाल सुजतो, रात्र जागून काढावी लागते. छोटी कीड असताना दहा-पंधरा मिनिटांत सिमेंट भरून होणारं काम नंतर रूट कॅनालवर नाहीतर दात काढण्यावर जातं. आणि पोराची पहिलीच आठवण इंजेक्शनची होते. भीतीमुळे उशीर, उशिरामुळे दुखणं, दुखण्यामुळे आणखी भीती. हा लूप आहे, आणि तो कुठेतरी तोडावा लागतो.

नाकाची वाट वेगळी आहे

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रात जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाचं तसं नाही. नाकाच्या छतातल्या पेशींकडून निरोप थेट घ्राणकंदात जातो आणि तिथून लगेच अमिग्डालाकडे. भीती, घृणा, जिव्हाळा या गोष्टींशी जोडलेला मेंदूचा हा भाग. म्हणून एखादा वास आला की तो कशाचा हे आठवायच्या आधीच पोटात गोळा येतो, नाहीतर एकदम बरं वाटतं.

दाताच्या दवाखान्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यात मोठा वाटा युजेनॉलचा. लवंगेच्या तेलातला हा मुख्य घटक. झिंक ऑक्साईडमध्ये युजेनॉल मिसळून केलेलं सिमेंट दातांत भरायला पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलंय. आता गंमत बघा. आपल्या खान्देशात काळा मसाला कुटला जातो तेव्हा घरभर जो वास सुटतो, त्यात हीच लवंग असते. तिथे पोरं नाक मुरडत नाहीत, उलट भूक लागते.

फ्रान्समध्ये लियाँच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा निबंध १९९९ साली छापून आला. लोकांना युजेनॉलचा वास दिला आणि त्यांची नाडी, त्वचेवरचा घाम, त्वचेचं तापमान असं सगळं मोजलं. ज्यांना दाताच्या उपचारांची भीती नव्हती, त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया आनंदाच्या बाजूची होती. ज्यांना भीती होती, त्यांची भीती, राग, किळस यांच्या बाजूची. बाटली एकच. फरक पडला तो आधीच्या अनुभवामुळे.

हा मुद्दा धरून ठेवा, शेवटी लागणार आहे.

सुगंधाने फरक पडतो का?

अरोमाथेरपी हा शब्द रने-मोरीस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा. या नावाचं त्याचं पुस्तक १९३७ साली आलं. त्यानंतर या नावाखाली काहीही विकलं गेलं, तो भाग सोडून देऊ. आपण फक्त दाताच्या दवाखान्यातले प्रयोग बघू.

व्हिएन्नात २००० साली ७२ मोठ्या माणसांवर प्रयोग झाला. काही जण बसले तेव्हा वेटिंग रूममध्ये संत्र्याच्या तेलाचा वास सोडला होता, बाकीच्यांच्या वेळी काहीच नाही. संत्र्याच्या वासात बसलेल्या बायकांची त्या वेळची भीती कमी निघाली. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. याच गटाने २००५ मध्ये २०० जणांवर संत्रं आणि लॅव्हेंडर दोन्ही वापरून पाहिले. भीती दोन्हींनी कमी झाली.

मला सगळ्यात उपयोगी वाटला तो २०१० चा इंग्लंडमधला प्रयोग. ३४० लोक, वास लॅव्हेंडरचा. त्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले. आत्ता, या क्षणी किती भीती वाटते? आणि उद्या दात कोरायचा म्हटलं तर किती वाटेल? पहिल्यात फरक पडला. दुसऱ्यात पडला नाही. म्हणजे सुगंधाने तेवढी वेळ हलकी केली, पण मनात बसलेली भीती जागची हलली नाही.

आता मुलं. इराणमध्ये इस्फहानला ६ ते ९ वर्षांच्या ३० मुलांवर झालेला प्रयोग २०१३ साली छापून आला. प्रत्येक मूल दोनदा आलं, एकदा संत्र्याच्या वासात आणि एकदा बिनवासाचं. लहान मुलं "भीती वाटते का?" या प्रश्नाला काहीही उत्तर देतात, म्हणून त्यांनी नाडी मोजली आणि लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण आला की वाढतं ते हे हार्मोन. वास होता त्या भेटीत दोन्ही कमी भरले. त्यानंतर लॅव्हेंडरवर आणि संत्र्यावर इराण, तुर्कस्तान, आणि आपल्या भारतातही मुलांवर प्रयोग झाले आणि बऱ्याच ठिकाणी कल असाच दिसला.

पण आकडे बघणारा माणूस म्हणून मला तीन गोष्टी खटकतात. पहिली, बरेच प्रयोग छोटे आहेत. तीस पोरांवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढायचा नसतो. दुसरी, गोळीच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, वास मात्र लपवता येत नाही. पोराला कळतं, डॉक्टरला कळतं, आणि चांगल्या वासाच्या खोलीत डॉक्टरचा स्वरही मऊ होत असेल. तिसरी, इस्फहानच्या मुलांचं काम दात साफ करणं आणि दाढेच्या खाचा बुजवणं एवढंच होतं. त्यात दुखत नाही. सडलेली दाढ काढताना हाच वास तेवढाच पुरेल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

म्हणून ताईंना माझं उत्तर असं: फॅड नाही, पण औषधही नाही. वाट बघण्याची वीस मिनिटं सोपी होतात. दुखू नये याचं काम भूलच करणार. आणि भीती घालवण्याचं काम डॉक्टरचं बोलणं करणार. लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत शिकवतात. अॅडलस्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५९ साली ती मांडली. आधी सोप्या शब्दांत सांगायचं, मग आरसा, पाण्याचा फवारा, मशीनचा आवाज बोटावर दाखवायचा, आणि मगच तोंडात. हे करणारा डॉक्टर मिळाला तर तेलाची बाटली नसली तरी चालेल. तालुक्याला असा कुणी सापडला नाही, तर डेंटल कॉलेजात लहान मुलांसाठी वेगळा विभाग असतो. आपल्याला जवळ म्हणजे धुळ्याचं एसीपीएम डेंटल कॉलेज.

करायचंच असेल तर

आधी डॉक्टरला विचारा. पोराला दमा असेल, वासाने शिंका किंवा खोकला येत असेल, तर हा नाद सोडा.

बाटली विकत घ्यायची गरज नाही. संत्र्याच्या सालीतल्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं, आणि साल दुमडली की तेच हवेत उडतं. बाजारात संत्री असतील तर ताजी साल रुमालात गुंडाळून न्या. बाटलीच घेतलीत तर रुमालावर एखादा थेंब पुरे. अंगाला, नाकाला, ओठाला लावायचं नाही. वास जास्त केला म्हणून गुण जास्त येत नाही, नाक तसंही थोड्या वेळात सरावतं.

कापूर आणि निलगिरी नको. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण दोन्ही घरात हाताशी असतात. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि निलगिरीचं तेल थोडं जरी पोटात गेलं तरी विषारी ठरतं. लवंगेचं तेलही किडक्या दाताला परस्पर लावू नका, हिरडी भाजते. आणि उदबत्तीचा धूर म्हणजे अरोमाथेरपी नव्हे.

माझ्या डोक्यातली एक कल्पना, हिचा प्रयोग झालेला नाही, फक्त वर सांगितलेल्या गोष्टीवरून तर्क आहे: तो वास दवाखान्यात पहिल्यांदा देऊ नका. आधी चार-पाच दिवस रात्री आजी गोष्ट सांगते तेव्हा साल जवळ ठेवा. मग दवाखान्यात तो वास आजीच्या मांडीची आठवण घेऊन येईल. नाहीतर उलटं व्हायचं, संत्रं म्हणजे इंजेक्शन असं पोराच्या डोक्यात बसायचं आणि पोरगं फळ खायचंही सोडायचं.

आणि "काहीच दुखणार नाही" असं सांगू नका. मुंगी चावल्यासारखं होईल, मग गाल जड होईल, असं खरं ते सांगा. एकदा फसवलेलं पोर पुढच्या वेळी कुठल्याच वासाला बधत नाही.

आणि तो लियाँचा मुद्दा

लवंगेचा वास जन्मतः भीतीचा नाही. दुखण्याशी गाठ पडली की तो भीतीचा होतो. मग सगळ्यात स्वस्त उपाय कोणता? दुखायच्या आधी पहिली भेट. लहान मुलांचे दंतवैद्य पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दात दाखवा म्हणतात. तेवढं जमलं नसेल तर आत्ता, काही दुखत नसताना एकदा नुसतं दाखवून आणा. खुर्ची वर-खाली करून घ्या, दात मोजून घ्या, घरी या. त्या दिवशी नाकात जो वास बसेल तो खुर्चीच्या खेळाचा असेल.

पाचोऱ्याच्या ताईंच्या मुलासाठी ती वेळ निघून गेलीये, कीड आहेच. पण त्याची गाल सुजलेला नाही, रात्री रडत नाही, असं त्यांनी सांगितलंय. म्हणजे काम अजून छोटं आहे. ताई, साल न्या रुमालात, हरकत नाही. पण साल आणायला म्हणून शनिवारच्या बाजाराची वाट बघू नका. आधी डॉक्टरची वेळ घ्या.

तुमच्या घरी काय केलं, काय जमलं, ते व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या भागात भेटू.