फळाचा दाखला आणि डब्यातलं विष

तासगाव, मिरज, पलूस किंवा खटाव-माणच्या बागेतलं द्राक्ष युरोपला गेलं, म्हणजे ते पर्यावरणाला धक्का न लावता पिकलं, असं सर्रास मानलं जातं. निर्यातीचा दाखला प्रत्यक्षात सांगतो एवढंच, की मण्यात औषधाचा अंश मर्यादेच्या आत आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक युरोपच्या तपासणीत सापडलं आणि कंटेनर अडकले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. पुढे यादी वाढली, ते बरंच झालं. पण तपासलं जातं ते फळ. पंप धुतलेलं पाणी, औषध हाताळणारे हात, रिकामा डबा यांना कुणी प्रयोगशाळेत नेत नाही. हायड्रोजन सायनामाइडचंच पाहा. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर त्याचं पेस्टिंग करतात. ते कातडी भाजतं, आणि त्याच्याशी संपर्क आल्यावर थोडी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होणं, धडधडणं, दम लागणं असा त्रास होतो. युरोपीय संघाने २००८ मध्ये स्वतःच्या शेतांसाठी त्याला मान्यता नाकारली. काढणीच्या कितीतरी महिने आधी लावलेलं असल्याने मण्यात मात्र त्याचा अंश उरण्याची शक्यता फार कमी. म्हणजे युरोपच्या ताटातलं फळ स्वच्छच असतं. धोका त्याआधीच मजुराने झेललेला असतो.

औषधाच्या लेबलवरचा हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होणारेही पुष्कळ. तो रंग सस्तन प्राण्यांना तीव्र विषबाधा किती मात्रेला होते, एवढंच सांगतो. मासे आणि मधमाश्या त्या हिशेबात नाहीत. सेंद्रिय म्हटलं की प्रश्न मिटला, हेही खरं नाही. बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचं तांबं विघटन पावत नाही, मातीत साचत जातं. म्हणून तर युरोपने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, आणि ती सेंद्रिय बागांनाही लागू आहे.

राहिला डबा. औषध संपलं की डबा निर्धोक झाला, हा समज सगळ्यांत महागात पडणारा. तीनदा खळखळून धुवून ते पाणी पंपातच ओतलं, तर ९९ टक्क्यांहून अधिक अंश निघून जातो. याला पैसा लागत नाही. पण पुढे काय? १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला नियम ४४ सांगतो, की डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. प्लॅस्टिक कुजत नाही, आणि कृष्णाकाठची जमीन तर २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेली होती. ब्राझीलने २००० मध्ये कायदाच केला: शेतकऱ्याने डबा धुवून परत द्यायचा, विक्रेत्याने तो घ्यायचा, उत्पादकाने त्याची विल्हेवाट लावायची. आज तिथे औषधाचे ९० टक्क्यांहून अधिक प्लॅस्टिक डबे परत येतात. यावर हरकत ठरलेली आहे: तिकडची शेतं प्रचंड, आपल्याकडे एकरा-दोन एकराच्या बागा आणि अर्ध्या लिटरच्या बाटल्या. हरकत खोटी नाही. मात्र याच छोट्या बागा ‘ग्रेपनेट’ या निर्यातीच्या नोंदणी प्रणालीवर प्लॉटनिशी नोंदलेल्या आहेत, आणि परदेशात पोचलेल्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. जी साखळी पेटी ओळखते, तिला बाटली ओळखणं अशक्य नाही. ती परत न्यायला कृषी सेवा केंद्रात माल उतरवून रिकामा जाणारा टेम्पोही आहे. खर्च कुणाचा, हा वाद तेवढा उरतो. तो शेतकऱ्याच्या गळ्यात मारण्याआधी नियम ४४ पुन्हा वाचावा: विल्हेवाटीची जबाबदारी सांगताना त्यात पहिलं नाव उत्पादकाचं आहे.