रिमॅपमधले घोडे येतात कुठून?

कोल्हापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘माझी पोलो जीटी टीएसआय आहे, 1.2 लिटर. ट्यूनर म्हणतो, लॅपटॉप जोडतो आणि तासाभरात 25-30 पीएस वाढवून देतो, इंजिनाचा एक नटही खोलणार नाही. हे खरं असेल तर कंपनीने ही ताकद आधीच का नाही दिली?’

खरं आहे. आणि कंपनीने का दिली नाही, हाच यातला मजेचा भाग आहे.

आधी कंपनीचेच आकडे घेऊ. या इंजिनाचा कमाल टॉर्क 175 न्यूटन-मीटर, तोही 1500 पासून 4100 आरपीएमपर्यंत सलग सारखा. ताकद 105 पीएस, 5000 आरपीएमला. टॉर्कचा आलेख इतका सपाट आपोआप येत नाही. तो सॉफ्टवेअरने पट्टीने आखलेला असतो. टर्बो याहून जास्त हवा कोंबू शकतो, पण ठरलेली मर्यादा आली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वेस्टगेट नावाची झडप उघडतो आणि एक्झॉस्टचा काही वायू टर्बोला बगल देऊन निघून जातो. आता शाळेतला गुणाकार करा. टॉर्कला आरपीएमने गुणून 7024 ने भागलं की पीएस मिळतात. 4100 ला उत्तर येतं 102. तोच 175 चा टॉर्क 5000 पर्यंत टिकवून धरला तर? जवळजवळ 125! म्हणजे कमाल टॉर्कला बोटही न लावता वीस पीएस वाढले. त्यात टॉर्कही थोडा चढवला की ट्यूनरचा आकडा पुरा होतो. युरोपात फोक्सवॅगननेच 1.2 टीएसआय इंजिन 86 आणि 105 पीएस अशा दोन रूपांत विकलं होतं.

तेव्हा ‘दडवलेली ताकद मोकळी करून देतो’ ही जाहिरातीची भाषा सोडून द्या. कंपनीने ताकद दडवलेली नसते, शिल्लक ठेवलेली असते. चाकणच्या कारखान्यातून निघालेली गाडी मे महिन्यात चंद्रपूरला 46 अंशांत चालणार आहे. महाबळेश्वरला हवेचा दाब साधारण पंधरा टक्क्यांनी कमी, तिथे तेवढीच हवा भरायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागणार आहे. कुठल्या तरी आडगावच्या पंपावर जे मिळेल ते पेट्रोल टाकीत जाणार आहे आणि मालक ऑइल बदलायला तीन महिने उशीर करणार आहे. या सगळ्यांना पुरेल एवढी सवड ईसीयूच्या सॉफ्टवेअर फाइलमध्ये ठेवलेली असते. ती फाइल बदलून रिमॅप करणारा तीच सवड खर्चाला काढतो. सवड किती उरली, हे मोजायचं कसं, हा खरा प्रश्न.

इथे नॉकिंग येतं. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढली की बॉनेटखालून टकटक ऐकू येते. कुठेतरी लोखंड लोखंडावर आपटतंय असं वाटतं, पण आपटत काहीच नसतं. स्पार्कने पेटलेली ज्वाला सिलिंडरभर पसरत असताना कडेला उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम आपोआप पेट घेतं. दाबाची लाट या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहते आणि सिलिंडर अक्षरशः वाजतो.

तो कुठल्या स्वरात वाजेल, याचं सूत्र दिलं चार्ल्स स्टार्क ड्रेपरने, 1930 च्या दशकात एमआयटीत असताना. सिलिंडरचा व्यास आणि तापलेल्या वायूतला ध्वनीचा वेग, एवढं पुरतं. पोलोच्या 71 मिलिमीटर व्यासाला ते लावलं की सेकंदाला साडेसात ते आठ हजार कंपनं येतात. योगायोग असा की 1934 मध्ये सी. व्ही. रामन भारतीय तालवाद्यांवरचा आपला निबंध प्रसिद्ध करत होते. साध्या गोल कातड्याचे उपस्वर एकमेकांशी बेसूर असतात, तबल्याची शाई त्यांना सुरात कशी आणते, हा त्यांचा विषय. तबल्याची पुडी आणि सिलिंडरमधला वायू, दोन्ही गोल. साध्या गोल पडद्याच्या आणि गोल पोकळीतल्या कंपनांचं गणित एकाच बेसेल फंक्शनने सुटतं. पुडीची कड वादीने घट्ट आवळलेली असते, तर सिलिंडरच्या भिंतीशी दाब मोकळेपणी वरखाली होतो, म्हणून उत्तरं वेगळी. घराणं मात्र एकच! (सिलिंडरला शाई लावायची सोय नाही, त्यामुळे तो कायम बेसूरच वाजणार.)

ड्रेपरचं नाव पुढे गाजलं ते चंद्रामुळे. अपोलो यानांचा गायडन्स कॉम्प्युटर त्याच्या प्रयोगशाळेत घडला. 1961 मध्ये, साठी गाठलेल्या या गृहस्थाने अंतराळवीर म्हणून आपल्यालाच पाठवावं असं नासाला लिहून कळवलं होतं. चंद्राची गोष्ट सांगताना नॉकिंगवरचं त्याचं काम सहसा कुणी काढत नाही. पण रस्त्यावरच्या आजच्या टर्बो पेट्रोल गाड्या नॉकिंग ऐकताना त्याच सूत्राचा आधार घेतात.

हे ऐकणारा कान म्हणजे नॉक सेन्सर. इंजिन ब्लॉकला एका बोल्टने आवळलेली सुपारीएवढी काळी वस्तू, आत पिझोइलेक्ट्रिक चकती. फोक्सवॅगनच्या इंजिनांत तो बोल्ट 20 न्यूटन-मीटरलाच आवळायचा असतो. पान्याने अंदाजपंचे पिळला तर हा कान कमी-जास्त ऐकू लागतो. ईसीयू प्रत्येक सिलिंडरच्या स्फोटानंतरचा ठराविक क्षणच कान देऊन ऐकतो, नाहीतर व्हॉल्व्हचा खडखडाटही नॉकिंग समजला जाईल. त्या पट्टीतला स्वर आला की त्या सिलिंडरचा स्पार्क काही अंशांनी उशिरा पाडायचा, मग हळूहळू पूर्ववत आणायचा. नॉकिंगची सीमा अशी पुन्हा पुन्हा चाचपली जाते.

म्हणून चांगला ट्यूनर आणि वाईट ट्यूनर यांतला फरक ताकद मोजणाऱ्या डायनोच्या कागदावर दिसत नाही. वाईट फाइल टर्बोचा बूस्ट आणि स्पार्कचं टायमिंग वाढवून मोकळी होते आणि मग कान दिवसभर ‘मागे घ्या, मागे घ्या’ म्हणत राहतो. संध्याकाळी थंड हवेत, चांगलं पेट्रोल भरून काढलेला आकडा दुपारच्या घाटात मिळत नाही.

एका बाबतीत तर हा कानही उपयोगाचा नाही. छोट्या टर्बो इंजिनांत, कमी आरपीएमला जास्त लोड आला की कधी कधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. ऑइलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण त्याला पुरतो. स्पार्क पडलेलाच नसेल तर ईसीयू मागे काय घेणार? अशा एखाद-दुसऱ्या दणक्यात पिस्टनची रिंगलँड, म्हणजे रिंगांमधली कड, तुटू शकते. या त्रासासाठी 2018 मध्ये ऑइलचं एपीआय एसएन प्लस हे वेगळं मानक आणावं लागलं. रिमॅपवाले ज्या ‘खालच्या पिकअप’चं कौतुक करतात तो 1500-2000 आरपीएमचा पट्टा नेमका इथलाच.

मायलेज वाढतं, हा दावा मी तरी मनावर घेणार नाही. हायवेवर 80 च्या वेगाने निवांत चालताना टर्बोला फारसं कामच नसतं, तिथे फाइल बदलून काय बदलणार? उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला इथेनॉलबद्दल मात्र सांगायला हवं. इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या घरात, शिवाय ते बाष्प होताना मिश्रण थंड करतं. नॉकिंगला ते चांगलंच आवरतं. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे तेवढ्याच कामाला इंधन जास्त. वीस टक्के इथेनॉलच्या ई20 वर काढलेली फाइल आणि इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर काढलेली फाइल एकच समजू नका.

राहता राहिला गिअरबॉक्स. जीटी टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी 250 न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. 175 ला तो सुखात आहे, 230 ला काठावर. आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, तेव्हा ते आधीच लेखी विचारून घ्या.

कोल्हापूरच्या वाचकाने ट्यूनरकडे पीएसचा आकडा मागूच नये. भर दुपारी, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन काढलेला डेटालॉग मागावा. त्यात चारही सिलिंडरचं टायमिंग किती अंश मागे घेतलं गेलं, ते वेगवेगळं दिसतं. तो दाखवायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या हातात गाडीची किल्ली देऊ नये.