रस्त्यांचा जमाखर्च

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास गेली, तेव्हा गाडी नव्या राजवटीची असली तरी सडक इंग्रजी अमदानीतलीच होती. आणि पुढील दोन तपे सडकांचा कारभार बहुतांशी बांधकाम खात्याच्या दफ्तरातून, अंदाजपत्रकातील तरतुदीच्या बेताने चालला. तिजोरीत पैसा असेल तितका रस्ता, हा तेव्हाचा हिशेब.

१९७२च्या दुष्काळाने तो मोडला. पीक बुडालेल्या मुलखात लक्षावधी माणसे खडी फोडायला बसली, आणि रस्ता कोठे हवा यापेक्षा हातांना काम कोठे हवे, यावरून आखणी ठरू लागली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या आणि १९७७च्या कायद्याने हक्काचे रूप पावलेल्या रोजगार हमी योजनेसाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसला; म्हणजे मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या वेतनातून कापलेला पैसा मराठवाड्यातल्या एखाद्या पांदणीवर मुरूम होऊन पडू लागला. यांतले कित्येक रस्ते डांबराअभावी दोनचार पावसाळ्यांत वाहून गेले आणि त्यांची टिंगलही पुष्कळ झाली. परंतु बैलगाडीखेरीज वाहन ठाऊक नसलेल्या गावांत एस.टी. प्रथम शिरली ती अनेकदा अशाच खडीच्या वाटेने, हे टिंगल करणाऱ्यांच्या (त्यांत मीही होतो) ध्यानात आले नाही.

पैसा उभारण्याची रीत पुढे बदलली, आणि तिची चाहूल रस्त्यांआधी रेल्वेत लागली. १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात केंद्राच्या ५१ टक्के भांडवलाशेजारी महाराष्ट्राने आपले २२ टक्के घातले. रेल्वे ही केंद्राची बाब असताना राज्याने तिच्यासाठी थैली सोडावी, हे तेव्हा अपूर्वच होते. उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांनी उभारला गेला.

महामंडळ आणि रोखे यांच्या त्याच वळणावर १९९६ साली रस्ते विकास महामंडळ जन्मास आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आलेली सुमारे ३,६०० कोटींची खाजगी निविदा नाकारून सरकारने तो मार्ग या महामंडळाकरवी तिच्या निम्म्याहून कमी खर्चात बांधविला, याचे श्रेय द्यावेच लागेल. पण पैशाची जात बदलली होती: कर्ज महामंडळाचे, हमी सरकारची आणि फेड वाटसरूची. २००४ साली टोलवसुलीचा मक्ता १५ वर्षांकरिता ९१८ कोटी आगाऊ घेऊन दिला गेला. मुदत सरली, नाका उठला नाही.

डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या अवधीत टप्प्याटप्प्याने खुला झालेला, ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच घराण्यातला. अशा मार्गाला सडकेची जुनी वहिवाट लागू नाही. ज्या शेतकऱ्याची जमीन त्यात गेली, त्याची बैलगाडी, ट्रॅक्टर वा दुचाकी त्यावर चढू शकत नाही. या वाहनांसाठी भरावाखालून भुयारी वाट ठेवलेली आहे, आणि त्या वाटेपलीकडची पांदण बऱ्याच ठिकाणी अजून मुरमाचीच आहे.