दूध उकळलं, तरी बाळाला त्रास का होतो?

गाईचं दूध प्यायल्यावर बाळाच्या अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. ही दुधाची अ‍ॅलर्जी असू शकते. मग दूध आणखी उकळून द्यावं किंवा दारच्या शेळीचं द्यावं, असं वाटतं. दोन्ही धोक्याचं.

कारण काय?
दुधातली व्हे प्रथिनं उष्णतेने बदलतात. केसीन मात्र उकळूनही टिकतं. शेळी-म्हशीच्या दुधातली प्रथिनंही गाईच्या दुधासारखीच असतात.

मग 'भाजलेलं दूध' म्हणजे काय?
पिठात कालवून सुमारे १८० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजलेल्या केकमधलं दूध. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई इथल्या डॉक्टरांच्या २००८च्या अभ्यासात अ‍ॅलर्जी असलेल्या सुमारे ७५ टक्के मुलांना ते चाललं. उरलेल्यांना मात्र त्रास झाला, काहींना गंभीर.

घरी करून पाहावं का?
नाही. दुकानातलं बिस्कीट देऊनही चाचणी नको. पहिला घास बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. तलासरीच्या ग्रामीण किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी विचारा. बाळाला धाप लागली, तर लगेच १०८ला फोन करा.