सहकुटुंब प्रवासाचा जमाखर्च

परीक्षा संपत आल्या आणि उन्हे तापू लागली की मध्यमवर्गीयांच्या घरांत एक प्रश्न दरवर्षी नेमाने उभा राहतो : यंदा कोठे जावयाचे? मुले उत्साहाने गावांची नावे सुचवितात आणि आईबाप मुकाट्याने शिलकेचा आकडा पाहतात. मोठमोठ्या विषयांवरील व्याख्याने जेथे होतात, तेथे सहलीची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पगारदार माणसाच्या वर्षभराच्या शिलकेचा मोठा वाटा ज्या एका आठवड्यात खर्च होतो, त्या आठवड्याचा हिशेब मांडणे हा अर्थशास्त्राचाच भाग आहे. आणि थोडा गृहधर्माचाही.

केवळ हिंडण्यासाठी मुलाबाळांसह बाहेर पडणे ही आपल्याकडची फार जुनी चाल नव्हे. पूर्वी माणसे निघत ती कुलदैवताच्या दर्शनाला, वारीला, लग्नकार्याला किंवा सुट्टीत आजोळी. मराठीतील प्रसिद्ध प्रवासवृत्त 'माझा प्रवास' हे १९०७ साली छापले गेले. त्याचे लेखक विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फिटावे, यज्ञात दक्षिणा मिळावी, ह्या आशेने. बंडाच्या धामधुमीत ते लुटले गेले आणि परत आले ते गंगेची कावड घेऊन. कर्ज फेडण्यासाठी प्रवास करणारा तो काळ होता. आज प्रवासासाठी कर्ज काढण्याचा काळ आला आहे. ह्या उलटापालटीतच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे.

खर्च इतका का वाढतो, ते आधी पाहू. एकट्याचा प्रवास आणि कुटुंबाचा प्रवास ह्यांत फरक केवळ माणसांच्या संख्येचा नाही. कुटुंबाला शाळेची सुट्टी सोडून निघता येत नाही, आणि त्याच दिवसांत सर्वांनाच निघावयाचे असते. म्हणून मे महिन्यातील महाबळेश्वरची खोली आणि जुलैमधील तीच खोली ह्यांच्या भाड्यांत पुष्कळ अंतर पडते. रेल्वेने एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे घेण्यास सुरुवात केली. विमानात तर दोन वर्षांवरील मुलाला स्वतंत्र तिकीट लागतेच. नोकरदारांना प्रवासभत्त्याची सवलत असते हे खरे. परंतु प्राप्तिकरातील जी सूट आहे ती प्रत्यक्ष भाड्यापुरती, तीही चार वर्षांच्या गटात दोनदा. राहणे, जेवणे आणि घोड्यावर बसणे हे सारे आपल्याच खिशातून. शिवाय कराच्या नव्या पद्धतीत ही सूट मिळतच नाही.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू. समजा, चौघांचे एक कुटुंब दरवर्षी साठ हजार रुपये सहलीवर खर्च करते. तेच साठ हजार प्रतिवर्षी सात टक्के व्याजाने दहा वर्षे गुंतविले, तर सुमारे ८ लाख २९ हजार रुपये होतात. मुलीच्या उच्च शिक्षणाचा मोठा भार त्यातून हलका होईल. हे रुपये कर्जाऊ घेतले असतील तर हिशेब आणखी कडू होतो. पंधरा टक्के दराने बारा महिन्यांत फेडावयाचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,४१५ रुपये आणि व्याज जवळजवळ पाच हजार. फोटो जुने झाले तरी हप्ते ताजेच राहतात. हा आक्षेप खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

मग पदरात काय पडते? ह्याविषयी काही अभ्यास झालेला आहे. २०१० साली हॉलंडमधील १,५३० प्रौढांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. सुट्टीवर जाणारी माणसे निघण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी असतात, पण परत आल्यावर बहुतेकांत तो फरक उरत नाही, असे तीत दिसून आले. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली तेच काय ते अपवाद. २००२ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन ह्यांनी दाखविले की एखादा अनुभव किती काळ चालला ह्यापेक्षा त्यातील तीव्रतम क्षण आणि त्याचा शेवट ह्यांवरून आपण त्याची आठवण ठरवितो. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की आठ दिवसांची सहल चार दिवसांच्या सहलीच्या दुप्पट आनंद देईलच असे नाही; खर्च मात्र जवळजवळ दुप्पट होतो. आणि तीन वर्षांच्या आतील बहुतेक गोष्टी मोठेपणी आठवत नाहीत. तेव्हा तान्ह्या मुलाला घेऊन दूरदेशी जाणे हे आईबापांच्या हौशीसाठी असते, मुलाच्या आठवणीसाठी नव्हे, हे मनाशी कबूल करावे.

येथे एक गोष्ट बहुधा विसरली जाते. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजेचा हक्क दिला. घरच्या स्त्रीला असा कायदा नाही. सहलीतही डबे बांधणारी, कपडे सांभाळणारी, तापलेल्या मुलाजवळ रात्र काढणारी तीच असेल, तर घरातील एका माणसाची सुट्टी झालीच नाही असे समजावे. सहलीच्या किमतीचा विचार करताना कोणाला खरी विश्रांती मिळाली, हा जमेच्या बाजूचा पहिला आकडा असला पाहिजे.

आता आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमचे वडील जमाखर्चाची वही ठेवीत. तीत 'प्रवास' असे एक खाते होते. आईला कन्याकुमारी पाहावयाची होती. तिन्ही समुद्र एकत्र होतात ते कसे दिसते, असे ती विचारीत असे. प्रत्येक वर्षी त्या खात्यात थोडी रक्कम पडे, आणि प्रत्येक वर्षी ती दुसऱ्या खात्यात वर्ग होई. कधी कौले बदलण्यासाठी, कधी आमच्या फीसाठी, कधी आत्याच्या लग्नासाठी. शेवटी पैसा साठला तेव्हा आईचे गुडघे गेले होते. वडिलांना आम्ही दोष देत नाही. त्या वर्ग झालेल्या रकमांवरच आम्ही शिकलो. पण ती वही आजही आमच्याजवळ आहे, आणि ते पान उलटताना आम्हांला बरे वाटत नाही.

म्हणून आमचे मत असे आहे की सहकुटुंब प्रवास खर्चाच्या तोलाचा आहे, पण दरवर्षी नव्हे आणि कर्ज काढून तर नव्हेच. मुलाच्या पाचव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत अवघे दहा उन्हाळे आपल्या हाती असतात. पुढे शिकवण्या, प्रवेश आणि त्याचे स्वतःचे सोबती येतात. ह्या दहांपैकी दर तीन वर्षांनी एक मोठी सहल काढावी. मधल्या दोन वर्षांत आजोळ, एखादा किल्ला, कोकणातील एखादे घरगुती मुक्कामाचे गाव ह्यांवर बारा-बारा हजारांत भागवावे. वर्षाची सरासरी अठ्ठावीस हजार पडते. उरलेले बत्तीस हजार त्याच सात टक्क्यांनी दहा वर्षे ठेविले तर सुमारे ४ लाख ४२ हजार होतात. म्हणजे शिक्षणाची निम्म्याहून अधिक तरतूद टिकते आणि उन्हाळेही वाया जात नाहीत.

मोठ्या सहलीचे पैसे आधी साठवावेत, मग तिकिटे काढावीत. साठवण्याच्या काळात मुलांनाही हिशेबात घ्यावे. कारण वाट पाहण्यातच आनंदाचा मोठा भाग असतो, आणि त्याला भाडे पडत नाही. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना मिळू लागलेल्या अर्ध्या तिकिटाने, किंवा पंच्याहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मिळू लागलेल्या मोफत प्रवासाने किती घरांतील आज्या जवळपासची तीर्थे पाहून आल्या, हे आपण आपल्या आळीतच पाहिले आहे. प्रवास लांबचा असलाच पाहिजे असे नाही.

जमाखर्चाच्या वहीत प्रवासाचे खाते अवश्य असावे. इतर खात्यांना त्यातून कधीमधी उसने द्यावे लागेल. संसार म्हटला की हे आलेच. मात्र ते उसने आहे ह्याची नोंद ठेवावी, आणि माणसांचे गुडघे शाबूत आहेत तोवर ते फेडावे.