जिब निवडताना आधी वळण पाहा

दोन अरुंद हल आडव्या तुळयांनी जोडलेल्या लहान कॅटमरानला नवं जिब घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा आकाराची होते. डोलकाठीच्या पुढचं हे तिकोनी शीड जितकं मोठं तितका वेग जास्त, हे गणित कोणालाही पटतं. पण या होड्यांना वेगाची ददात कधीच नव्हती; त्यांची अडचण वळण्याची आहे. होडी हलकी, हल लांबट आणि एकमेकांपासून दूर. नाळ वाऱ्याच्या आरपार फिरवायला घेतली की गती चटकन मरते, आणि जड बुडाची एकहली होडी जिथे आपल्या वजनावर पुढे सरकत राहते तिथे कॅटमरान वाऱ्याकडे तोंड करून थांबते, मग मागे जाऊ लागते. म्हणून माझ्या मते जिब हे इथे आधी वळण्याचं साधन आहे आणि वेगाचं नंतर. निवडही त्याच क्रमाने व्हावी.

हॉबी १६ हे याचं उत्तम उदाहरण. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टर यांची ही होडी १९७० च्या सुमारास आली. वाळूवर सरळ चढवता यावी म्हणून तिला खाली सोडायची फळी, म्हणजे डॅगरबोर्ड, नाही; हलांचा आकारच दोन बाजूंनी वेगळा ठेवून आडवं घसरणं रोखलं आहे. किनाऱ्यावर ही मोठी सोय, वळताना मात्र हाल. तेव्हा जिब कामी येतं. नाळ वाऱ्यापार जाताना जिबचा दोर लगेच सोडत नाहीत. जुन्याच बाजूला क्षणभर धरून ठेवतात. वारा शिडाच्या उलट्या अंगावर बसतो आणि नाळ ढकलतो. तेवढ्यात डोलकाठीमागचं मोठं शीड सैल करावं लागतं, नाहीतर ते होडीला पुन्हा वाऱ्याकडे फिरवतं. हे जमायला जिबला दोन्ही बाजूंचे दोर आणि ते सांभाळणारा माणूस हवा. पट्ट्या घातलेलं असल्याने हे जिब कमी फडफडतं. त्याच्या पुढच्या कडेतली तार डोलकाठीचा ताणही पेलते, त्यामुळे जुनं, ताणलेलं जिब म्हणजे नुसतं खराब कापड नव्हे, सगळी शिडबांधणीच ढिली.

फॉर्म्युला १८ वर चित्र पालटतं. ५.५२ मीटर लांबीच्या या होडीला डॅगरबोर्ड असतात, आणि तिथे आपोआप बाजू बदलणारं जिब रुळलेलं आहे: डोलकाठीपुढच्या वक्र रुळावर गाडी सरकते आणि वळल्यावर शीड स्वतःहून पलीकडे जातं. साथीदाराचे हात ट्रॅपीझ, म्हणजे होडीबाहेर लटकून तोल राखायची दोरी, आणि मोठ्या शिडासाठी मोकळे राहतात. असं शीड डोलकाठीमागे जाऊ शकत नाही, म्हणून ते लहान. मग ताकद गेली नाही का? हॉबी १६ च्या सुमारे २० चौरस मीटर शिडांत जिब जवळपास चौथा भाग असतं. फॉर्म्युला १८ वर मोठं शीड १७ आणि जिब जास्तीत जास्त ४.१५ चौरस मीटर, म्हणजे पाचव्या भागाहूनही कमी. तरी वेगात ती पुढेच. तिच्याकडे स्पिनेकर, म्हणजे वारा मागून किंवा बाजूने असताना उघडायचं मोठं फुगीर शीड, आहे, हे खरं, पण वाऱ्याविरुद्ध जाताना तो उतरवलेलाच असतो. शिवाय हलक्या जोडीला नियम ३.४५ चौरस मीटरचं जिब देतो. होडी उलटू न देणारं वजन जेवढं, तेवढंच कापड उपयोगी, हे नियम करणाऱ्यांनी ओळखलं. वेगवान होडीला जाणवणारा वाराही पुढून येतो, तेव्हा मागे लांबलेलं जिब मोठ्या शिडावरचा प्रवाह बिघडवण्याची भीती.

खरा आक्षेप दुसराच आहे. आपोआप फिरणारं जिब वळताना उलटं धरता येत नाही. गाडी हाताने अडवून ते साधता येतं, पण गडबडीत तो भरवशाचा उपाय नव्हे. म्हणून फळी नसलेल्या होडीवर हे जिब बसवताना मी दहा वेळा विचार करीन. फळी असेल तर एकदाही नाही. मंद वाऱ्यात मोठं जिब लागतंच, असंही म्हणतात. पण त्या वाऱ्यात, आणि तोही मागून किंवा बाजूने असेल तर, वेगळा स्पिनेकर अधिक काम करतो. स्पर्धेत उतरणाऱ्या हॉबी १६ वाल्यांना हा वाद तसा लागूच नाही. त्यांच्या वर्गाचं शीड ठरलेलं आहे.

गुंडाळायच्या जिबचा हिशोब सोपा. आडव्या पट्ट्या असलेलं शीड नीट गुंडाळत नाही, तेव्हा पट्ट्या काढाव्या लागतात किंवा उभ्या घालाव्या लागतात, आणि आकार थोडा बिघडतो. शर्यतीत ते खपणार नाही. नवख्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या होडीवर मात्र, किनारा जवळ आला की एका दोराने पुढचं शीड बंद करता येणं याला जास्त किंमत आहे.