मोठ्या घरचें ऊन पाणी

माघ महिन्यांत गेवराईच्या एखाद्या मोठ्या घरीं पहांटे सर्वांत आधीं जाग येते ती न्हाणीघराला. प्रथम आजोबांचें स्नान, मग शाळेला जाणारीं मुलें, मग कामावर जाणारीं माणसें. आणि शेवटीं घरची सून बादली घेऊन जाते तेव्हां नळाला कोमट पाणी उरलेलें असतें. जुना गीझर बदलावा कीं नाहीं, हा प्रश्न कर्त्या पुरुषाला बहुधा विजेच्या बिलावरून सुचतो. खरें पाहतां तो या शेवटच्या बादलीवरून सुचावयास हवा.

पूर्वीं हें काम तांब्याचा बंब करीत असे. मध्यें उभी नळी, तींत जाळ आणि भोंवतीं पाणी. पाणी कमी पडलें तर चार पऱ्हाट्या अधिक घालून भागे. विजेच्या गीझरचें तसें नाहीं. टांकी एकदां रिकामी झाली कीं वाट पाहणें आलें.

म्हणून आधीं हिशेब करावा. घरांत दहा माणसें आणि माणशीं १५ लिटरची एक बादली धरली, तर ४० अंशांचें १५० लिटर पाणी लागतें. थंडींत नळाचें पाणी २० अंशांचें धरूं. २५ लिटरच्या टांकींतील पाणी ६० अंशांपर्यंत तापवून त्यांत तितकेंच गार पाणी मिसळलें, तर ५० लिटर होतें. म्हणजे तीन बादल्या व वर थोडें. दहा बादल्यांसाठीं ती टांकी तीनदां तापली पाहिजे. २००० वॅटच्या गीझरला दर खेपेस सुमारें ३५ मिनिटें लागतात; एकूण पावणेदोन तास व साडेतीन युनिट वीज. ५० लिटरची टांकी घेतली तरी वीज तेवढीच लागेल, परंतु पहिल्या सहा माणसांना थांबावें लागणार नाहीं. मोठी टांकी म्हणजे मोठें बिल, ही समजूत पुष्कळ घरीं आढळते. ती बव्हंशीं चुकीची आहे. दिवसभर बटण चालू ठेवल्यास मात्र टांकींतील उष्णता बाहेर जाऊन वीज वायां जाते. उपकरणावरील तारांकित पट्टीवरून या नाशाचा अंदाज येतो.

आतां जुन्या गीझरविषयीं. पाणी तापतच नसेल तर तापविणारी कांडी किंवा तापमान राखणारा थर्मोस्टॅट बिघडला असावा. हे दोन्ही थोडक्या खर्चांत बदलतां येतात. तापतांना टांकींतून खडखडाट येत असेल तर आंत चुन्याचीं पुटें बसलीं आहेत असें समजावें. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणांतून झिरपलेलें बोअरचें पाणी बहुधा जड असतें. असें पाणी तापलें कीं त्यांत विरघळलेला चुना वेगळा होऊन कांडीवर थिजतो, आणि मग पाण्याआधीं त्या थरालाच उष्णता द्यावी लागते. टांकींत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून पोलादाला गंजूं देत नाहीं. ती वेळेवर बदलली तर टांकीचें आयुष्य वाढतें. पण हें काम सहसा कोणी करीत नाहीं. ऊन पाणी तांबूस येऊं लागलें किंवा खुद्द टांकीच पाझरूं लागली, तर डागडुजीवर पैसा घालूं नये.

नवा गीझर आणण्यापूर्वीं भिंत पाहावी. २५ लिटरचा गीझर पाण्यासह पस्तीस किलोच्या आसपास भरतो. ५० लिटरचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. जुन्या माळवदाच्या घराची मातीची भिंत कितीही रुंद असली तरी खिळा धरीत नाहीं; तेथें विटांचा खांब किंवा लोखंडी चौकट हवी. २००० वॅटला जवळजवळ ९ अँपियर प्रवाह लागतो, म्हणून १६ अँपियरचा स्वतंत्र जोड व खात्रीचें अर्थिंग यांवांचून तो लावूं नये. टांकीवरील सुरक्षा-झडपेंतून पाणी ठिबकतें म्हणून तिला बूच मारणारे शहाणेही भेटतात! पाणी तापून फुगतें, तें त्या वाटेनें बाहेर पडतें. वाट बुजली तर टांकी फुटण्याचें भय असतें.

गेवराईस उन्हाला तोटा नाहीं, त्यामुळें गच्चीवर सूर्यबंब बसविणें दहा माणसांच्या घराला परवडण्याजोगें आहे. जड पाण्यांत तांब्याच्या बारीक नळ्या लवकर तुंबतात, म्हणून कांचेच्या रुंद नळ्यांचा प्रकार बरा. त्याही अधूनमधून धुवाव्या लागतात.

गॅसवरचा गीझर घेणारांनी एक जुनी गोष्ट ध्यानांत घ्यावी. १८६८ सालीं लंडनच्या मॉघन नांवाच्या रंगाऱ्यानें गॅसवर पाणी तापविणारें यंत्र काढलें व आइसलंडांतील ऊन पाण्याच्या कारंजावरून त्याला गीझर हें नांव दिलें. पण जळलेला वायु बाहेर नेण्याची सोय त्यांत नव्हती. कोंडलेल्या जागेंत गॅस जळला कीं कार्बन मोनॉक्साइड सांचतो. त्याला वास नसतो, आणि स्नान करणाऱ्याला कांहीं कळण्यापूर्वींच शुद्ध जाते. असें उपकरण न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंतच असावें. अडगळींतला तांब्याचा बंब मोडींत घालण्याची घाई नको. वीज गेलेल्या सकाळीं तो उपयोगी पडेल. मात्र तोही अंगणांतच पेटवावा.